चिनी मातीचे दात आणि फ्लोराइडचा लेप

लोणच्याची चिनी मातीची बरणी घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मीठ, लिंबू, कैरी यांपैकी कशानेही तिच्या आतील झिलईला बाध येत नाही. दंतवैद्यकात दातांवरील टोप्या, म्हणजे लोक ज्यांना ‘कॅप’ म्हणतात त्या, पोर्सिलेनच्या बनविण्यामागे हाही एक गुण विचारात घेतलेला आहे. वास्तविक दंतकामातील पोर्सिलेनमध्ये माती जवळजवळ नसतेच. फेल्डस्पार नावाचे खनिज व गारगोटीचे चूर्ण भट्टीत वितळवून सिद्ध केलेली ती एक प्रकारची काचच होय. चहा, चिंच, सोलकढी यांना ती दाद देत नाही. परंतु दंतवैद्याच्याच कपाटात असलेले एक औषध मात्र तिला बाधक ठरते, आणि तेही असे औषध की, नैसर्गिक दातांच्या दृष्टीने ज्याची उपयुक्तता निर्विवाद आहे.

हे औषध म्हणजे आम्लयुक्त फ्लोराइडचा जेल. १९६३ साली ब्रुडेव्होल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याची योजना पुढे मांडली. दाताचे बाह्य आवरण, म्हणजे एनॅमल, कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. फ्लोराइडचे द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवले, तर ते या आवरणात अधिक त्वरेने शिरते. आणि सोबत फॉस्फोरिक आम्ल असल्यास आवरणाची झीज आटोक्यात राहते, असे त्यामागील तत्त्व आहे. या जेलमध्ये १.२३ टक्के फ्लोराइड असते व तो सामान्यतः चार मिनिटे दातांवर ठेवला जातो. योगायोग असा की, धातूच्या टोपीवर पोर्सिलेन भाजून पक्के बसविण्याच्या पद्धतीचे एकस्व त्याच अमेरिकेत १९६२ साली वाइनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले होते. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन सुधारणा पुढे एकाच मुखात एकत्र नांदू लागल्या आणि मग त्यांचे परस्परांशी पटत नाही असे आढळून आले.

न पटण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. द्रावण आम्लधर्मी असले की त्यातील फ्लोराइडचा बराच भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात असतो. इतर आम्लांपुढे अविचल राहणारी काच या एका आम्लापुढे विरघळते. म्हणूनच ते काचेच्या बाटलीत न ठेवता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात, आणि काचेवर नक्षी कोरणारे कारागीर त्याचाच उपयोग करीत आले. पोर्सिलेनमधील काचेचा अंश ते प्रथम खाते. त्यामुळे झिलई नाहीशी होऊन पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात.

येथे एक गमतीची बाब सांगण्याजोगी आहे. पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा दातावर चिकटविण्यापूर्वी दंतवैद्य स्वतःच त्याच्या आतील बाजूस हायड्रोफ्लोरिक आम्ल लावतो. ती बाजू खरखरीत झाली म्हणजे चिकटद्रव्य घट्ट धरून राहते. आतून जो खरखरीतपणा मुद्दाम घडवून आणला जातो, तोच बाहेरून आल्यास मात्र दोष ठरतो.

एका वेळच्या लेपाने झालेला बदल डोळ्यांना दिसेलच असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो दिसतो. लेप वारंवार दिले गेल्यास कॅपची चकाकी मंदावते, तिच्यावर चहा व पान-तंबाखूचे डाग धरू लागतात. खरखरीत पृष्ठभागावर जंतूंचा थर अधिक जमतो आणि कॅपलगतची हिरडी सुजते. समोरचा नैसर्गिक दात अशा पृष्ठभागावर घासला जाऊन झिजतो, ही हानी तर डागांपेक्षा गंभीर मानली पाहिजे. बिघडलेली झिलई पूर्ववत करणे सोपे नसते. झिलई भट्टीतच चढते आणि सिमेंटने बसविलेली कॅप सहजी निघत नाही. रबरी चाके व हिऱ्याच्या चूर्णाचा लेप वापरून मुखातच तिला पॉलिश करता येते, एवढाच दिलासा.

सर्व कॅप सारख्याच बाधित होतात असे नाही. फेल्डस्पारचे पोर्सिलेन, तसेच अलीकडे प्रचारात आलेले लिथियम डायसिलिकेट, यांत काचेचा अंश असल्याने त्यांस धोका असतो. झिर्कोनियात तो जवळजवळ नसतो. पण झिर्कोनियावर शोभेसाठी पोर्सिलेनचा थर दिलेला असेल, तर वरचा थर काचेचाच समजावा. ग्लास आयोनोमर सिमेंटने भरलेले दातही या जेलने खरखरीत होतात.

या प्रश्नाची सर्वांत अधिक झळ ज्यांना पोचते, त्यांच्याकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या लाळग्रंथी बहुधा निकामी होतात. लाळ ही दातांची नैसर्गिक राखणदार. ती आटली की अल्पावधीतच हिरडीलगत दात किडू लागतात. किरण दिलेल्या जबड्यातील दात काढणे जोखमीचे असते, कारण तेथील जखम भरून न येता हाडच कुजू लागण्याची भीती असते. म्हणून अशा रुग्णाला त्याच्या दातांच्या मापाच्या साच्यात फ्लोराइडचा जेल घालून तो रोज लावण्यास सांगतात, आणि हा क्रम बहुधा जन्मभर चालतो. अशा रुग्णाच्या तोंडात पोर्सिलेनच्या कॅप असतील व जेल आम्लयुक्त असेल, तर जी क्रिया इतरांच्या बाबतीत वर्षातून एकदा-दोनदा व्हायची ती येथे दररोज घडते. शिवाय कोरड्या पडलेल्या तोंडाला आम्ल झोंबते, आणि झोंबते म्हणून रुग्ण औषधच सोडून देतो. या रुग्णांसाठी १.१ टक्के सोडियम फ्लोराइडचा उदासीन, म्हणजे न्यूट्रल, जेल योग्य होय. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल जवळजवळ नसते, त्यामुळे कॅपची झिलई सुरक्षित राहते.

वरील विवेचनावरून फ्लोराइडविषयी सरसकट भय बाळगणे चुकीचे होईल. दररोजच्या फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमध्ये त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे एक हजार भाग एवढेच असते. आम्लयुक्त जेलमध्ये ते १२,३०० भाग असते. अशा टूथपेस्टने कॅप खराब होण्याची चिंता नको. शालेय मुलांच्या तोंडात पोर्सिलेनच्या कॅप क्वचितच असतात, तेव्हा शिक्षकांनी शाळेतील दंततपासणीच्या वेळी या कारणास्तव लेपाला हरकत घेऊ नये. सहा वर्षांखालील मुले जेल गिळण्याचा संभव असल्याने त्यांना फ्लोराइडचे वार्निश लावणे इष्ट समजले जाते. हैदराबादनजीकच्या नलगोंड्यासारख्या भागात पाण्यातच फ्लोराइड अधिक असल्याने दात तपकिरी पडतात, तेथील प्रश्न वेगळा आहे. पण ते डाग झाकण्यासाठी पोर्सिलेन बसविलेल्यांनी जेलच्या निवडीबाबत हीच दक्षता घ्यावी.

कॅप बसविलेल्या व्यक्तीने दुसऱ्या दंतवैद्याकडे जाताना कॅप कोणत्या द्रव्याची आहे ते आवर्जून सांगावे. उत्तम प्रकारे बसविलेली कॅप तज्ज्ञाच्याही नजरेतून सुटू शकते, म्हणून बसविते वेळी तिची नोंद लिहून घेतलेली बरी. काही कारणाने आम्लयुक्त जेलच वापरावयाचा असेल, तर दंतवैद्य कॅपवर आधी व्हॅसलीनचा थर देऊन तिला झाकतो. ग्रामीण आरोग्य शिबिरांसाठी औषधांची मागणी नोंदविणाऱ्या कर्मचाऱ्यांनी मागणीपत्रात केवळ ‘फ्लोराइड जेल’ एवढेच लिहू नये. दोन्ही प्रकार याच नावाने येतात. प्रौढ रुग्णांसाठी ‘सोडियम फ्लोराइड, न्यूट्रल’ असे स्पष्ट लिहावे आणि माल आल्यावर बाटलीवरील चिठ्ठी त्याच्याशी पडताळून घ्यावी.