पास्त्याऐवजी कोंजॅक : अपेक्षा आणि हिशेब

चि. मधुरा हिस,


पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. इटलीत सुका पास्ता ड्युरम रव्याचाच असावा, असा 1967 पासून कायदा आहे. 100 ग्रॅम सुक्या पास्त्यात सुमारे 350 ते 370 कॅलरी आणि 12-13 ग्रॅम प्रथिने असतात. एका माणसासाठी साधारण 80 ग्रॅम सुका पास्ता धरतात; तो शिजून सव्वादोन-अडीचपट होतो आणि त्यातून 290 च्या आसपास कॅलरी व 10 ग्रॅम प्रथिने मिळतात. पास्त्यातले पिष्ट ग्लुटेनच्या घट्ट जाळीत अडकलेले असते. त्यामुळे थोडा कणीदार ठेवून शिजवलेल्या पास्त्याने रक्तातली साखर पांढऱ्या पावाच्या मानाने सावकाश वाढते. म्हणजे पास्ता मुळात वाईट अन्न नाही. प्रश्न बहुधा त्याच्या प्रमाणाचा आणि त्यावर पडणाऱ्या सॉसचा असतो. पर्याय शोधण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

ताटातला पास्ता तीन कामे करतो. तो ऊर्जा देतो, काही प्रथिने पुरवतो आणि सॉस धरून ठेवतो. कमी कॅलरीच्या पर्यायांत पहिले काम मुद्दाम काढून टाकलेले असते. त्याबरोबर दुसरे आपोआप जाते आणि तिसरे अर्धवट राहते. पर्याय वापरणाऱ्याला जे काही करायचे असते, ते या दोन उणिवा भरून काढण्यासाठी.

या पर्यायांत सर्वांत कमी कॅलरीचा आणि सर्वांत वेगळा प्रकार म्हणजे जपानच्या शिराताकी नूडल्स. त्या कोंजॅक नावाच्या कंदापासून होतात. कोंजॅक हा सुरणाचा सख्खा भाऊबंद. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात येणारी शेवळेही याच कुळातली. या साऱ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि कच्चे खाल्ल्यास घशाला खाज सुटते. सुरणात चिंच-आमसूल आणि शेवळांत काकडे ही रानफळे घालण्याची रीत त्यासाठीच आहे. सुरणाच्या गड्ड्यात मात्र पिष्ट साठलेले असते, तर कोंजॅकच्या गड्ड्यात ग्लुकोमॅनन. ग्लुकोज आणि मॅनोज या शर्करांची ही लांब साखळी माणसाच्या पाचकरसांना तोडता येत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचा काही भाग आंबवतात, एवढेच. म्हणून सुरण खाऊन भूक भागते आणि ऊर्जाही मिळते. कोंजॅकने पोट भरते, ऊर्जा जवळजवळ मिळत नाही.

जपानमधले बहुतांश कोंजॅक गुन्मा प्रांतात पिकते. गड्डा शरद ऋतूत खणून काढायचा, थंडीत सांभाळायचा आणि वसंतात पुन्हा लावायचा, असे दोन-तीन वर्षे केल्यावर तो पुरेसा मोठा होतो. मग त्याच्या चकत्या वाळवून पीठ करतात. पीठ पाण्यात फुगून घट्ट खळ होते. तिच्यात चुन्याची निवळी मिसळून ती बारीक भोकांतून गरम पाण्यात सोडली की तार जमते. क्षारामुळे जमलेला हा गोळा पुन्हा तापवला तरी वितळत नाही. तयार नूडल्समध्ये सुमारे 97 टक्के पाणी, 100 ग्रॅममागे 3 ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ आणि 5 ते 10 कॅलरी असतात. प्रथिने नावालाच. जपानमध्ये त्या पास्त्याची जागा घेण्यासाठी जन्मल्या नाहीत. सुकियाकीसारख्या रसदार पदार्थात त्या मांस, टोफू आणि भाज्यांच्या सोबतीने असतात. त्यांच्याकडून फार अपेक्षा केली की निराशा होते, ती यामुळेच.

पाकीट उघडताच मासळीसारखा वास येतो. तो नूडल्स ज्या क्षारयुक्त पाण्यात ठेवलेल्या असतात त्या पाण्याचा असतो. माल बिघडल्याची ती खूण नव्हे. पाणी ओतून द्यावे, नूडल्स चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चांगल्या चोळून धुवाव्यात आणि उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळाव्यात. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तीच महत्त्वाची आहे. कोरड्या कढईत, तेलाचा थेंबही न घालता, मध्यम आचेवर नूडल्स परताव्यात. आधी वाफ येते, मग त्या तळाला घासून चिर्रचिर्र आवाज करू लागतात. वाफ थांबेपर्यंत, म्हणजे पाच ते आठ मिनिटे, परतल्यावर बाहेरचे पाणी उडते, बुळबुळीतपणा कमी होतो आणि सॉस पातळ होत नाही. तारा लांब आणि चिवट असल्याने कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापणे सोयीचे. उरलेल्या नूडल्स पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. फ्रीझरमध्ये ठेवल्यास पाणी सुटून त्यांचा स्पंज होतो.

एवढे करूनही शिराताकीला गव्हाचा स्वाद येत नाही आणि दाताखालचा तो कणीदारपणाही येत नाही. शिजणारा पास्ता पाण्यात पिष्ट सोडतो. ते पाणी पळीभर घातले की तेल आणि रस एकजीव होऊन सॉस तारेला चिकटतो. कोंजॅक काहीच सोडत नाही आणि फारसे शोषतही नाही. त्यामुळे नुसते तेल-लसूण किंवा पातळ टोमॅटो-रस घातल्यास सॉस ताटलीत आणि नूडल्स वेगळ्या, अशी अवस्था होते. सॉस आटवून दाट करावा, मीठ-मसाला नेहमीपेक्षा किंचित चढा ठेवावा आणि नूडल्स सॉसमध्येच चार-पाच मिनिटे मुरू द्याव्यात. आटवलेला टोमॅटो, मशरूम, खिमा, शेंगदाण्याच्या कुटाचा तिखट सॉस, आले-लसूण-सोया सॉसचे सार यांत शिराताकी खपून जाते. चीज आणि साय यांच्या पांढऱ्या सॉसमध्ये ती सर्वांत फिकी पडते. टोफू मिसळलेला प्रकार थोडा मऊ आणि अपारदर्शक असतो. पहिल्यांदा चाखणाऱ्याला तो पास्त्याच्या अधिक जवळचा वाटतो.

दुसरा प्रकार भाज्यांच्या तारांचा. झुकिनीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 17 कॅलरी आणि 95 टक्के पाणी असते. हे पाणीच तिची अडचण. तारा काढून मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात, पिळून घ्याव्यात, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता एक-दोन मिनिटे परताव्यात आणि सॉस अगदी शेवटी घालावा. झुकिनी महाग वाटल्यास कोवळा दुधी, गाजर, लांब चिरलेला कोबी किंवा कच्ची पपई हेच काम करते आणि कॅलरींत फार फरक पडत नाही. दुधी किंवा झुकिनीची एक फोड आधी चाखावी. कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे, कारण कडूपणा देणारी क्युकर्बिटासिन द्रव्ये विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. स्पगेटी स्क्वॉश हा भोपळा भाजून काट्याने खरवडला की त्याचे आपोआप धागे सुटतात. 100 ग्रॅममागे सुमारे 30 कॅलरी. डबाबंद पाम-गाभ्याच्या पट्ट्याही हलक्या असतात, पण त्या खारट पाण्यात ठेवलेल्या असल्याने धुऊन घ्याव्या लागतात.

काही पदार्थ पर्यायाचा आव आणतात, पण कॅलरींत पर्याय नसतात. मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स दिसायला शिराताकीसारख्या असल्या तरी सुक्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 कॅलरी बाळगतात. तांदळाच्या नूडल्स आणि घरच्या शेवया यांचेही तेच. हरभरा, मसूर किंवा सोयाबीनचा पास्ता प्रथिने आणि तंतुमय पदार्थांत सरस असतो, पण कॅलरी साध्या पास्त्याएवढ्याच देतो. तो उत्तम अन्न आहे. फक्त त्याची खरेदी कॅलरी वाचवण्यासाठी करू नये.

वेष्टन वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे; वजन पाण्यासकट आहे की निथळलेले; आणि घटकांत कोंजॅकशिवाय मैदा किंवा स्टार्च आहे का. भारतीय नियमांनुसार घन पदार्थावर ‘कमी ऊर्जा’ असा दावा करायचा असेल, तर 100 ग्रॅममध्ये 40 पेक्षा जास्त कॅलरी नसाव्यात. ‘हेल्दी’, ‘डाएट’ असल्या मोघम शब्दांपेक्षा हा आकडा विश्वासार्ह.

आता ताटाचा हिशेब. 200 ग्रॅम शिराताकी म्हणजे सुमारे 15 कॅलरी. तिच्यावर 25 टक्के स्निग्धांशाचे 100 ग्रॅम क्रीम घातल्यास नुसत्या स्निग्धांशाच्या 225, 30 ग्रॅम चीजच्या सुमारे 110 ते 120 आणि मोठा चमचाभर तेलाच्या 120. बेरीज पावणेपाचशेच्या घरात जाते. उलट 80 ग्रॅम खरा पास्ता, दोन-तीन टोमॅटो, लसूण आणि लहान चमचाभर तेल मिळून पावणेचारशेच्या आसपास होतात. म्हणजे नूडल्स बदलूनही जेवण मूळ पदार्थापेक्षा जड होऊ शकते. सॉस तोच ठेवला तर मात्र फायदा स्पष्ट आहे: ताटामागे पावणेतीनशे कॅलरी वाचतात. अर्धा-अर्धा उपाय याहून टिकाऊ ठरतो. 40 ग्रॅम सुका पास्ता शिजवून त्यात 100 ग्रॅम परतलेली शिराताकी मिसळली, तर दोन्ही मिळून सुमारे 150 कॅलरी होतात, ताट भरलेले दिसते, गव्हाचा स्वाद राहतो आणि पास्त्याने सोडलेले पिष्ट सॉसही धरते.

प्रथिनांची उणीव वेगळी भरावी लागते. शिराताकीच्या ताटात अंडी, पनीर, टोफू, चिकन, मासा, राजमा किंवा मोड आलेली कडधान्ये यांपैकी काही तरी हवेच. नुसत्या नूडल्स आणि भाज्या खाल्ल्या तर पोट तासाभरापुरते भरते. पुढे भूक खवळते आणि वाचवलेल्या कॅलरी फरसाणाच्या डब्यातून परत येतात.

ग्लुकोमॅननच्या गुणांविषयी जे सिद्ध आहे, तेवढेच मानावे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दोन दावे मान्य केले. रोज 4 ग्रॅम घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉलची पातळी योग्य राखण्यास मदत होते, हा पहिला. कमी ऊर्जेच्या आहारासोबत रोज 3 ग्रॅम, एकेक ग्रॅम तीन वेळा, जेवणापूर्वी एक-दोन पेले पाण्यासह घेतल्यास वजन घटण्यास मदत होते, हा दुसरा. ‘कमी ऊर्जेच्या आहारासोबत’ ही अट त्यात मुद्दाम आहे. वजनावरच्या सगळ्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. नूडल्स एकट्याने वजन उतरवत नाहीत. त्या केवळ जागा भरतात.

सावधगिरीचे मुद्दे थोडे, पण ठाम आहेत. तंतुमय पदार्थांची सवय नसलेल्याने पहिल्या वेळी अर्धेच पाकीट घ्यावे, नाही तर पोट फुगते आणि वात धरतो. नूडल्स नीट चावून खाव्यात. कोंजॅकचे पीठ किंवा गोळ्या पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घशात-अन्ननलिकेत फुगून अडकतात. छोट्या कपांतली कोंजॅक जेली मुलांच्या घशात अडकून मृत्यू झाल्याने अनेक देशांनी तिच्यावर बंदी घातली आहे. अन्ननलिका अरुंद असलेल्यांनी, जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा जठर मंद रिकामे होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे खाऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याने नेहमीचा डोस घेऊन पिष्टाऐवजी नुसती शिराताकी खाल्ली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. तेव्हा डोसाविषयी आधी सल्ला घ्यावा. इतर औषधे आणि असे जेवण यांत किती अंतर ठेवावे, तेही विचारून घ्यावे. वाढत्या वयाची मुले, गरोदर स्त्रिया, अशक्त वृद्ध आणि मुळातच कमी वजनाची माणसे यांच्या ताटातून ऊर्जा काढून घेण्याचे काही कारण नाही.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: घरात आवडणारा नेहमीचा सॉस घ्यावा आणि आधी अर्धा पास्ता, अर्धी शिराताकी असे मिश्रण करावे. ते रुचले तर प्रमाण वाढवावे. पोत नकोसा वाटला तर भाज्यांच्या तारांकडे वळावे. तेही नको असेल, तर खरा पास्ताच 50-60 ग्रॅम घेऊन भाजी आणि प्रथिने दुप्पट करावीत. या तिसऱ्या वाटेने कॅलरी थोड्या कमी वाचतात, पण ती महिनोन्महिने पाळता येते आणि बहुतेक घरांत शेवटी तीच टिकते. शिराताकी ही पास्त्याच्या आकारातली एक पाणीदार भाजी आहे. भाजी म्हणून ताटात घेतली तर ती उपयोगाची. पूर्ण जेवण म्हणून घेतली तर अपुरी.


मावशी