पेढे वाटल्यावर वाचलेला तक्ता

निकालाच्या शेवटच्या चौकटीत 7.0 दिसलं आणि त्याच संध्याकाळी मी वॉर्डात पेढे वाटले. मिरजेतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ‘सात बँड लागतात’, एवढं क्लासमध्ये प्रत्येकीच्या तोंडी होतं. माझे ऐकण्यात 7.5, वाचनात 6.5, लेखनात 6 आणि बोलण्यात 7 आले होते. बेरीज 27, चारने भागली की 6.75, आणि या परीक्षेत पाऊण आलं की पुढचा पूर्ण आकडा धरतात. म्हणून सात. हिशेब अगदी बरोबर होता. नोंदणीला मात्र तो कागद तसाच्या तसा चालणार नव्हता.

ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, नुसत्या एकूण बँडवर थांबत नाही. परीक्षा अ‍ॅकॅडमिक प्रकारचीच हवी, ऐकणं, वाचन आणि बोलणं या तिन्हींत प्रत्येकी 7 हवेत आणि लेखनात 6.5. लेखनातही 7 लागायचे, ते 2018 मध्ये अर्ध्याने खाली आले. हा तक्ता कुणापासून लपवलेला नाही, एनएमसीने तो उघड मांडलेला आहे. मी तो पेढे वाटून झाल्यावर, रात्रपाळीत, पहाटे तीन वाजता पहिल्यांदा वाचला. वाचनात अर्धा बँड कमी, लेखनात अर्धा बँड कमी. पंधरा हजारांहून जास्त फी, क्लासचे पैसे वेगळे, आणि आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलेलं.

म्हणून तयारीची सुरुवात पुस्तकापासून नाही, तर निकाल कुणाला दाखवायचा आहे या प्रश्नापासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीसाठी धडपडणाऱ्यांना ‘सीएलबी 9’ ही पातळी गाठायची असते. तिथे जनरल ट्रेनिंग प्रकार चालतो, पण ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. एकूण बँड तिथे कुणी विचारतच नाही. विद्यापीठांचं आणखी निराळं, एकाच विद्यापीठात दोन अभ्यासक्रमांच्या अटी वेगवेगळ्या असू शकतात. ‘आयईएलटीएस पास झालो’ असं लोक म्हणतात, पण या परीक्षेत पास-नापास नाहीच. शून्य ते नऊ अशी पट्टी आहे, आणि त्या पट्टीवर रेघ कुठे मारायची ते निकाल मागणारी संस्था ठरवते.

परीक्षेचा साचा मात्र ठरलेला आहे. 1989 पासून ती या नावाने घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाचा प्रकाशन व परीक्षा विभाग हे तिचे भागीदार. भारतातलं ब्रिटिश कौन्सिलचं आयईएलटीएसचं काम 2021 मध्ये आयडीपीने विकत घेतलं, त्यामुळे आपल्याकडे नोंदणी तिथेच करायची. ऐकण्याचे 40 प्रश्न साधारण अर्ध्या तासात, वाचनाचे 40 प्रश्न एका तासात, लेखनाचे दोन प्रश्न एका तासात आणि परीक्षकासमोर 11 ते 14 मिनिटांचं बोलणं.

वाचनात माझा अर्धा बँड कुठे गेला, ते मला नेमकं ठाऊक आहे. आदल्या दिवशी ड्यूटी संपवून रात्रीच्या एसटीने पुण्याला गेले आणि स्वारगेटवर तोंड धुऊन थेट केंद्रावर पोचले. परीक्षा कागदावरची होती. तिथे ऐकण्याचा भाग संपल्यावर उत्तरं उत्तरपत्रिकेत उतरवायला दहा मिनिटं मिळायची, पण वाचनाला अशी वेगळी वेळ नसायची. हे मी ऐकलं होतं, सराव मात्र तसा कधीच केला नव्हता. घरी निवांतपणे प्रश्नांवर खुणा करायच्या आणि मग उत्तरं तपासायची ही सवय. परीक्षेत शेवटच्या उताऱ्याची उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच राहिली आणि वेळ संपल्याची सूचना झाली. चार चौकटी रिकाम्या गेल्या. अ‍ॅकॅडमिक वाचनात 40 पैकी साधारण 30 उत्तरं बरोबर आली की 7 मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे अंदाजाने काही लिहिलं असतं तरी तोटा नव्हता.

आता बहुतेक जण संगणकावर परीक्षा देतात. तिथे ऐकण्याच्या भागानंतर दहा मिनिटं मिळत नाहीत, उत्तरं तपासायला फक्त दोन मिनिटं असतात. जुन्या पुस्तकांवर अभ्यास करणारे इथे हमखास गडबडतात.

वाचनातला दुसरा सापळा माझ्याच पेशाने माझ्यासाठी लावला. विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं, की ‘दिलेलं नाही’, असा एक प्रश्नप्रकार असतो. समजा, उताऱ्यात लिहिलं आहे की धरण 1960 मध्ये बांधून पूर्ण झालं. ‘धरण 1965 मध्ये पूर्ण झालं’ हे विधान खोटं. ‘धरण बांधायला दहा वर्षं लागली’ याबद्दल उतारा काहीच बोलत नाही, म्हणून उत्तर ‘दिलेलं नाही’. एवढं सोपं. पण सरावात झोपेवरचा किंवा लसीकरणावरचा उतारा आला की माझ्यातली नर्स पुढे व्हायची. मला ठाऊक असलेलं मी उताऱ्यात वाचायचे आणि ‘खरं’ लिहून मोकळी व्हायचे. डॉक्टर, वकील, अभियंते, ज्याला ज्या विषयाचं ज्ञान जास्त तो त्या उताऱ्यात जास्त चुकतो, हे मी नंतर अनेकांच्या बाबतीत पाहिलं. उपाय एकच: उत्तर ज्या ओळीवरून दिलं त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

लेखनाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपली मराठी मुलं-मुली सगळ्यात जास्त तिथेच अडतात.

माझी पहिली चूक वेळेची. पहिल्या प्रश्नात आलेखाचं किंवा तक्त्याचं वर्णन किमान 150 शब्दांत करायचं असतं, दुसऱ्यात किमान 250 शब्दांचा निबंध. दुसऱ्या प्रश्नाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. साधा हिशेब 20 मिनिटं आणि 40 मिनिटं असा. मी आलेखातला आकडा न् आकडा लिहीत बसले आणि त्यातच अर्धा तास गेला. खरं तर तिथे सगळे आकडे नको असतात. ठळक काय घडतंय ते आधी सांगायचं, मग त्याला आधार देणारे मोजके आकडे.

दुसरी चूक पाठांतराची. क्लासने आम्हाला निबंधांचे साचे दिले होते. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मध्ये विषय बसवायचा. आम्ही पस्तीस जणी ‘आजच्या आधुनिक युगात’ याच अर्थाच्या वाक्याने सुरुवात करणार होतो. परीक्षक मात्र चार गोष्टी पाहतो: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं का, मुद्द्यांची सांधेजोड, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पाठ केलेलं वाक्य यातल्या पहिल्या कसोटीला उतरतच नाही, कारण ते प्रश्न येण्याआधी तयार झालेलं असतं. शिवाय ते आजूबाजूच्या वाक्यांपेक्षा इतकं गुळगुळीत असतं की लगेच उठून दिसतं.

याच्या मुळाशी आपला शाळेतला निबंध आहे. ‘विज्ञान: शाप की वरदान’ लिहिताना आपण सुभाषिताने सुरुवात करतो, चार फायदे, चार तोटे मांडतो आणि शेवटी निर्णय वाचकावर सोपवतो. ‘तुम्ही कितपत सहमत आहात?’ असं विचारल्यावर हे चालत नाही. आपली भूमिका काय, ती पहिल्याच परिच्छेदात कळायला हवी आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद तिला धरून हवा. भूमिका कोणती, याला गुण नाहीत. ती नीट निभावली का, याला आहेत.

तिसरी अडचण खास आमच्या पेशाची. नऊ वर्षं मी रोज इंग्रजी लिहीत होते, असं मला वाटायचं. पण केसपेपरवरची इंग्रजी म्हणजे संक्षेप, आकडे आणि क्रियापदाविना तुकडे. ताप किती, सलाईन किती, डॉक्टरांना कळवलं, बस्स. त्या नऊ वर्षांत मी एकही परिच्छेद लिहिला नव्हता. ज्या दिवशी हे लक्षात आलं, त्या दिवसापासून माझी तयारी खऱ्या अर्थाने सुरू झाली.

मग मी साचे बाजूला ठेवले. दिवसाआड एक निबंध, घड्याळ लावून बरोबर 40 मिनिटांत. त्यातली पहिली पाच मिनिटं नुसती आखणी मराठीतून करायची, पण वाक्यं इंग्रजीतच सुचू द्यायची. आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाक्य मराठीत तयार करून मग इंग्रजीत न्यायचं हे वळण माझ्याही हाताला होतं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करताना माझं इंग्रजी वाक्य लांबत लांबत जाऊन शेवटी कोसळायचं. आखूड वाक्यांनी ते सावरलं. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीतच, ती गाळली जातात. म्हणून निबंध संपल्यावर एकदा फक्त उपपदांसाठी वाचायचा, दुसऱ्यांदा अनेकवचनाच्या ‘एस’साठी. शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माझ्या बाई निवृत्त झाल्या होत्या. त्या दर रविवारी चार निबंध तपासायच्या. दीड महिन्यानंतर माझ्या चुका फार प्रकारच्या नाहीत, त्याच सहा-सात पुन्हा पुन्हा होतात, हे दोघींनाही दिसलं. त्या सहा-सात चुकांची यादी मी औषधांच्या ट्रेशेजारी चिकटवली होती.

बोलण्याच्या भागाची भीती बरेच जण उगाच बाळगतात. विलायती उच्चार काढायची गरज नाही. परीक्षक ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चारातली स्पष्टता पाहतो. मराठी वळण चालतं, शब्द कळला पाहिजे. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींचं काम एकटाच करतो, तेवढं मात्र घोटावं लागतं. दुसऱ्या टप्प्यात कार्डावर विषय देतात, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. ते एक मिनिट वाक्यं लिहिण्यात घालवू नये, चार शब्द टिपावेत. घरी फोनवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकणं कष्टाचं वाटतं, पण दुसरा कोणताही उपाय इतका उपयोगी पडला नाही.

ऐकण्याचा भाग एकदाच ऐकवतात. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिले तर उत्तर चूक, स्पेलिंग चुकलं तरी चूक. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंगं मान्य आहेत.

पहिल्या निकालानंतर मी हताश असताना एका एजंटने परीक्षेविना सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणून सांगितलं. 2022 मध्ये कॅनडातून बोटीने अमेरिकेत शिरताना गुजरातचे काही तरुण पकडले गेले. न्यायालयात त्यांना इंग्रजी कळेना, आणि त्यांच्याकडे आयईएलटीएसचे चांगले बँड होते. मेहसाणा पोलिसांना त्याचा तपास करावा लागला. ती बातमी माझ्या लक्षात होती, म्हणून मी तो नंबर ब्लॉक केला. निकाल घेणारी संस्था तो मूळ नोंदीशी ताडून पाहते. रुग्णाच्या उशाशी उभं राहून औषधाची मात्रा इंग्रजीतून ऐकायची असते, तिथे खोटा बँड कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

कागदपत्रांचं थोडं. परीक्षेला पासपोर्ट लागतो आणि नोंदणीतलं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रचना, त्यात लग्नाआधीचं आडनाव डिग्रीवर आणि नंतरचं पासपोर्टवर. हा गुंता परीक्षेची तारीख घेण्याआधी सोडवावा. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून फार लवकर परीक्षा देण्यातही अर्थ नाही. एकच भाग पुन्हा देण्याची सोय आता संगणकावरच्या परीक्षेत आहे, पहिल्या परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. पण प्रत्येक संस्था असा निकाल स्वीकारतेच असं नाही. फी भरण्याआधी त्या संस्थेला विचारावं. ओईटी हीसुद्धा वाट आहे. बारा आरोग्य-व्यवसायांसाठीच्या या परीक्षेत आम्हा नर्सेसना निबंधाऐवजी रुग्णाबद्दलचं पत्र लिहावं लागतं, आणि 2017 पासून एनएमसी ती मानते.

मी दुसरी परीक्षा सात महिन्यांनी दिली. आदल्या दिवशी सुट्टी घेतली आणि पुण्यात मावशीकडे झोपले. ऐकण्यात 7, वाचनात 7.5, लेखनात 6.5. बोलण्यात मात्र 6.5, कारण गेल्या वेळी 7 मिळाले म्हणून मी त्या भागाचा सरावच सोडून दिला होता. निकाल पाहून डोकं सुन्न झालं. मग पुन्हा तोच तक्ता उघडला, यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे बँड एनएमसी एकत्र धरते, मात्र दोन्ही वेळा चारही भाग दिलेले हवेत आणि वाचन, ऐकणं, बोलणं यात 6.5च्या व लेखनात 6च्या खाली काही नको. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, फेब्रुवारी 2023 मध्ये ती बारा झाली. बोलण्यातले पहिल्या परीक्षेतले 7 आणि बाकीचं दुसऱ्यातलं. कपाटात खाली घडी करून ठेवलेला पहिला निकाल मी बाहेर काढला.

आता मी लीड्समध्ये आहे. मिरजेच्या आमच्या वॉर्डातल्या दोघी जणी परीक्षेच्या तयारीला लागल्या आहेत. त्या वहीतल्या निबंधांचे फोटो पाठवतात, मी ड्यूटीवरून आल्यावर ते तपासते. पहिल्या फोटोत निबंध नव्हता. एनएमसीचा तक्ता होता, आणि त्यावर लाल पेनाने चारही आकड्यांभोवती गोल केलेले होते.