जुनी गाडी घेताना : वरची घडी पाहून सौदा करू नका

कपड्याच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ताग्याची वरची घडी पाहून माल उचलणारा व्यापारी फसतो, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. परंतु जुनी गाडी घ्यायची वेळ आली की आपले बरेचसे व्यापारी आणि कारागीर बंधू वरची घडीच पाहतात. रंग चकाकतो, एसी थंड हवा देतो, किंमत खिशात बसते. लगेच बयाणा देऊन मोकळे होतात. म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडत आहोत.

आमची मारुती ओम्नी २००५ सालची. मालेगावहून धुळे आणि नाशिकच्या दुकानांपर्यंत तिने आमचे तागे वाहिले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०२० मध्ये तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घेतली. २०२५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, तेव्हा खालचा पत्रा गंजून गेला होता. दुरुस्ती, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर यांची बेरीज केली, तर ती गाडीच्या किमतीच्या आसपास गेली. गाडी केवळ जुनी झाली म्हणून बदलू नये. मात्र खर्च असा वर चढला आणि वाटेत बंद पडून गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडू लागला, तर ती बदलावी.

आधी गरज, मग किंमत

गाडीत माणसे किती बसणार, माल किती जाणार आणि महिन्याला किती किलोमीटर धावणार, हे प्रथम कागदावर लिहा. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. तिच्या सर्वांत जवळची ईको. पण जुन्या ईकोंपैकी काही भाड्याने पुष्कळ धावलेल्या असतात. सीएनजी स्वस्त पडतो, परंतु टाकी मागची जागा खाते. तागे नेणाऱ्याला हा तोटाच आहे. शिवाय किट आरसीवर नोंदलेले हवे आणि टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. या सर्वांचा विचार करून आम्ही मागची सीट दुमडणारी पेट्रोल वॅगन-आर, २०१८ चे मॉडेल, निवडली. तिची नोंदणी २०३३ पर्यंत आहे. किंमत ठरवताना गाडीचे हे उरलेले आयुष्यही मोजावे.

सगळी रक्कम गाडीतच घालू नका. गाठीला दोन लाख असतील, तर १ लाख ७० हजारांपर्यंतची गाडी पाहा. उरलेले तीस हजार नाव बदलणे, विमा, टायर, बॅटरी आणि ऑइल यांसाठी ठेवा. आपल्यापैकी अनेकांना व्याजाच्या हप्त्यावर गाडी नको असते. त्यांनी तर हा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा. आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विकणारा आपले जुने बिल दाखवील. तुम्ही आजच्या नव्या गाडीचा भाव विचारून मगच बोला.

उजेडात पाहा, थंड इंजिनावर पाहा

कपडा आपण विजेच्या दिव्याखाली घेत नाही. गाडीही सकाळी पाहावी आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नये, असे सांगून ठेवावे. सोबत आपला मिस्त्री न्यावा. त्याची मजुरी वाया जात नाही.

१) थंड इंजिन एका चावीत सुरू व्हावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल, तर कूलंटचे पाणी आत शिरत असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसला, तर पूर्ण तपासणीशिवाय पुढे जाऊ नये.

२) मॅटिंग उचलून वास घ्या. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असेल, तर गाडी पुरात बुडाल्याचा संशय घ्या. २६ जुलै २००५ ची मुंबई आणि २०१९ चे सांगली-कोल्हापूर आठवा. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या गावी विकायला येतात.

३) दरवाजे आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, तर ते कधीतरी खोलले गेले आहेत. कारण विचारा.

४) टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर ४० हजार सांगते आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नोंदी असतात. मालकाला सोबत नेऊन त्या पाहाव्यात.

५) वीस किलोमीटर चालवा, त्यात चढ आणि खराब रस्ता दोन्ही असावेत. स्टिअरिंग एका बाजूला ओढते का, क्लच घसरतो का, हे तेथेच कळते.

कागद

आरसीवरील चासी आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतः जुळवा. बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलान, विमा आणि पीयूसी तपासा. दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त दिसते. परंतु तेथील एनओसी आणि येथील कर जोडल्यावर स्वस्ताई उरत नाही. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही.

जुनी गाडी देताना

येथे आम्ही स्वतः ठोकर खाल्ली आहे. ओम्नीच्या आधी आमच्याकडे मारुती ८०० होती. २००५ मध्ये ती ओळखीच्या माणसाला दिली. निम्मे रोख, निम्मे ईदनंतर. नाव पैसे पुरे झाल्यावर बदलायचे. पैसे आले, पण नाव तसेच राहिले. जबानीवर सगळे चालले होते. त्याने गाडी पुढे तिसऱ्याला विकली. २००८ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आमच्या दुकानावर आली. त्या गाडीने एका यंत्रमाग कामगाराला धडक दिली होती. त्याचा पाय गेला. विमा केव्हाच संपला होता. चार वर्षे तारखा झाल्या आणि भरपाईचा मोठा हिस्सा आम्हाला भरावा लागला. तो कामगार शेजारच्याच मोहल्ल्यातला. त्याच्या मुलांसमोर 'गाडी आमची नाही' असे म्हणायला आमची जीभ उचलली नाही; कागदावर ती आमचीच होती.

पुढे ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी कितीही हात फिरली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरला जातो.

म्हणून उधारीचा सौदा असला, तरी नाव प्रथम बदला आणि उरलेल्या रकमेचा कागद साक्षीदारांसह वेगळा करा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण ती दुकानाच्या वहीत पाळतो आणि गाडीच्या सौद्यात विसरतो. विकताना गाडीतला ऐब घेणाऱ्याला आपणहून सांगावा. फाटका तागा घडीत लपवून विकणे आणि पिचलेले इंजिन रंगाखाली लपवणे, यांत काहीच फरक नाही.

आमची ओम्नी रस्त्यावर चालवण्याजोगी राहिली नव्हती. ती कोणाच्या गळ्यात न मारता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली, जमा केल्याचे प्रमाणपत्र घेतले आणि आरटीओतील नोंद रद्द करून घेतली. पैसे थोडे कमी आले. पण तिच्या नावाने आता आमच्या दुकानावर नोटीस येणार नाही.