तोंड का येते?

गालाच्या आत किंवा ओठामागे मसुराएवढा पांढरट-पिवळा व्रण, त्याभोवती लाल कडा, आणि आमटीचा घोट घेताच होणारी आग! 'तोंड आले' म्हणतात ते हेच. तोंडाच्या नाजूक अस्तराचा वरचा थर तेवढ्या जागी नाहीसा झालेला असतो व खालची मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. म्हणूनच एवढ्याशा जखमेचे दुखणे एवढे मोठे.

घरोघरी याचे खापर 'उष्णते'वर फोडले जाते. प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षक पेशीच या अस्तरावर उलटतात. त्या का बिथरतात, याला मात्र एकच एक कारण नाही. गाल चावला जाणे, परीक्षेचा ताण, आनुवंशिकता. काहींच्या बाबतीत लोह, फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. तुमचे तोंड वारंवार येत असेल, तर मनानेच गोळ्या घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

हा व्रण संसर्गजन्य नसतो. बहुधा एक-दोन आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. तोवर तिखट टाळावे आणि कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात.

तीन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण मात्र निराळा. तो कर्करोगाची सुरुवात असू शकतो. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांना हा धोका अधिक. असा व्रण सुरुवातीला पुष्कळदा दुखतही नाही. घरातील कोणी 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणू लागले, तर त्यांना लगेच दंतवैद्याकडे न्या.