मन्या-बुंदीच्या गॅलरीसाठी

रेवस,
मे अखेर

चि. प्राजक्तास,


तुझा निरोप मिळाला. मांजरं पडू नयेत म्हणून सातव्या मजल्यावरच्या गॅलरीला लावायला एखादं जुनं जाळं पाठव म्हणतेस. जुन्या जाळ्यांना इथे तोटा नाही. जेट्टीच्या कडेला ढीग पडलेत, आणि 1 जूनला मासेमारी बंद झाली की दुरुस्तीसाठी आणखी वर येतील. तरीही पाठवणार नाही. रागावण्याआधी कारण वाच.

बोटीवरून उतरलेलं जाळं म्हातारं असतं. नायलॉनला ऊन खातं. वरून धागा धड दिसतो, पण दोन बोटांत धरून झटका दिलास की तट्‌कन तुटतो. पाण्याखाली असताना त्याला तेवढं ऊन लागत नाही. तुझी गॅलरी पश्चिमेची, तिथे दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत सुटका नाही. शिवाय हल्ली बरीचशी जाळी तंगुसाची, म्हणजे पारदर्शक एकेरी धाग्याची. तंगूस बनवलेलाच असतो दिसू नये म्हणून. त्यात मांजराचा पंजा अडकला की ते घाबरून ओढतं आणि जितकं ओढेल तितका धागा आवळत जातो. गळ्याभोवती बसला तर बघायलाच नको. बाहेरून येणारी घार, कबुतरं त्यात गुरफटतील ती वेगळीच. आणि वासाचं काय? मासळीचं जाळं कितीही धुतलं तरी वास जात नाही. मन्या ते दिवसभर चघळत बसेल, आणि महिन्याभरात त्याला जाण्यापुरतं भोक पाडेल.

खरी अडचण याहून वेगळी आहे. मासळीचं जाळं मुद्दाम ढिलं सोडतात. ढिलं असेल तरच मासा त्यात गुंततो. गॅलरीला हवं ते बरोबर उलटं. ताठ. ढिल्या जाळ्यावर मांजर चढलं की त्याच्या वजनाने जाळं बाहेर फुगतं, भिंतीकडची कड आत ओढली जाते, आणि तिथे हातभर फट पडते. जाळं न तुटताही मांजर खाली.

तेव्हा नवं घे. काळं, एचडीपीईचं, उन्हाला टिकणारं म्हणून विकतात ते. पांढरं, पारदर्शक दिसायला बरं वाटतं, पण काळ्यात जो काजळीचा रंग घालतात तोच धाग्याला उन्हापासून वाचवतो. आठ दिवसांनी ते डोळ्यांना टोचेनासं होतं.

दुकानात एका गोष्टीवर फसशील म्हणून नीट समजून घे. आम्ही कोळी आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, मोजतो तो जाळं ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. गॅलरीची जाळी विकणारा पुष्कळदा चौकोनाची एक बाजूच सांगतो. म्हणजे आमचा 50 मिलिमीटरचा आस तो त्याचा 25 चा. त्याने ‘50’ म्हटलं की विचार, ताणून की बाजूने? मन्या थोराड बोका आहे, त्याला बाजूने 50 चाललं असतं. पण बुंदी अजून पिल्लू आहे, तिच्यासाठी बाजू 25 ते 30 च्या वर नको. आपल्या खांद्याला पुढून आडवं हाड असतं, तसं मांजराला असतं ते नावापुरतं, मांसात सुटं. म्हणून डोकं गेलं की धड मागोमाग जातं. तुमच्या कठड्याच्या गजांमधून तर तिचं डोकं आरामात जाईल. आमच्या डोल जाळ्याच्याही तोंडाशी आस मोठमोठे असतात आणि खोल्याशी, म्हणजे शेवटच्या टोकाशी, जवळासुद्धा सुटू नये इतके बारीक. ज्याला अडवायचं त्याच्या मापाने आस ठरतो, एवढंच.

आता कड. जाळं मधून फाटलेलं कुणालाही दिसतं. बोटीचा तांडेल मात्र आधी कडेचा दोर चाचपतो. तूही तेच कर. जाळ्याच्या चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटरचा दोर प्रत्येक आसातून ओवलेला हवा, दोन-तीन आस सोडून नव्हे. आणि तो दोर दर वीतभर अंतरावर हुकात बसला पाहिजे. जाळी लावणारे दोन-दोन फुटांवर हूक मारून मोकळे होतात. कबुतरासाठी ते पुरतं, मांजरासाठी नाही. एचडीपीईचा धागा गुळगुळीत असतो, एकेरी गाठ हळूहळू सरकते. गाठ दुहेरी, घट्ट ओढलेली हवी.

हूक स्टेनलेसचे घे, तेही 316 चे. तुमचं उलवं खाडीकाठी आहे. खारा वारा काय करतो ते रेवसला येऊन जेट्टीचे गज बघ. साधा खिळा दोन पावसाळ्यांत भिंतीतच गंजून फुगतो आणि भोवतीचं प्लास्टर घेऊन निघतो.

जाळं कठड्याच्या आतून लाव. माणसाला सातव्या मजल्यावर बाहेर लोंबकळावं लागत नाही, मांजराला कठड्यावर बसता येत नाही, आणि इमारतीचं बाहेरचं रूप बदललं म्हणून सोसायटीला ओरडायला जागा राहत नाही. वरची कड थेट छताला. अर्ध्या उंचीपर्यंत लावलेलं जाळं म्हणजे मांजराला चढायला शिडी. खालची कड मात्र लादीला भोकं पाडून बसवू देऊ नकोस. खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की सहाव्या मजल्यावर गळती सुरू होते, आणि मग मांजरं राहिली बाजूला, भांडणच सांभाळत बसशील. कठड्याच्या सर्वांत खालच्या आडव्या गजाला दोर गुंडाळून आवळला की काम होतं. गज आणि लादी यांच्यातली फट वेगळी बंद कर.

त्याऐवजी कायमची लोखंडी ग्रिल घालायची म्हणत असाल तर तिला माणूस बाहेर निघेल एवढं उघडतं दार ठेवा, आणि किल्ली जवळच टांगलेली असू द्या. आग लागली तर बाहेर काढायचं ते फक्त मांजरांना नाही.

जावईबापू म्हणाले, मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं. बहुतेकदा खरं आहे. पॅरिसच्या मारे नावाच्या शास्त्रज्ञाने 1894 साली पडणाऱ्या मांजराचे एकामागून एक फोटो काढून ते दाखवलं. आधी पुढचं धड वळतं, मग मागचं, कशालाही न रेलता. पण पायांवर पडणं म्हणजे वाचणं नव्हे. न्यूयॉर्कच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा हिशेब 1987 साली छापला. सरासरी साडेपाच मजल्यांची उंची, आणि उपचार केलेल्यांपैकी दहातली नऊ जगली. लोक एवढंच वाक्य लक्षात ठेवतात. छातीला मार, फुफ्फुसाभोवती हवा साठणं, टाळू दुभंगणं, जबडा-पाय मोडणं, हे पुढचं कुणी वाचत नाही. एक तृतीयांशाहून अधिक जनावरांना तातडीचे उपचार लागले होते. त्यात आणखी एक मेख आहे. जागीच मेलेलं मांजर कुणी दवाखान्यात नेत नाही, त्यामुळे ते हिशेबात येतच नाही. आणि तुमच्या इमारतीत सातव्यापासून खालपर्यंत सरळ पडायला जागा तरी कुठे आहे? मधे पत्रे, एसीचे डबे, कपड्यांच्या दांड्या.

मांजर उडी मारत नाही, घसरतं. कबुतराकडे बघता बघता पुढे सरकतं आणि गुळगुळीत ग्रॅनाइटला किंवा स्टीलच्या नळीला नख लागत नाही. पावसात तर नाहीच. म्हणून ‘आमचा मन्या शहाणा आहे’ या बोलण्याला अर्थ नाही. इथल्या जेट्टीवरची मांजरंही शहाणीच आहेत, तरी भरतीच्या वेळी एखादं शेवाळावरून घसरून पाण्यात पडतंच. ते खडकावर चढून अंग झटकतं, कारण खाली पाणी असतं.

जाळं लागेपर्यंत गॅलरीचं दार बंद. स्वयंपाकघराच्या सरकत्या काचेलाही फट नको. आणि बुंदी वयात आली की तिचं ऑपरेशन करून घे, मन्याचं राहिलं असेल तर त्याचंही. माजावर आलेल्या मांजराला मजला कळत नाही.

गॅलरी बंद झाली की ती दोघं तिथेच लोळणार, तेव्हा जमिनीवर काय आहे तेही बघ. लादी फिनेलने पुसू नकोस. तो जिन्नस माणसाचं यकृत निभावून नेतं, मांजराचं नाही, आणि ती पंजे चाटतात. डांबराच्या गोळ्याही नकोत. कुंड्यांत लिली असेल तर आजच कुणाला तरी देऊन टाक. तिचे परागकण अंगाला लागून चाटले तरी मांजराची किडनी जाते. सायकसही नको. तुळस राहू दे.

इतकं करूनही कधी पडलंच, तर ‘चालतंय ना, बरं आहे’ म्हणून घरी ठेवू नकोस. छातीतला मार बाहेरून दिसत नाही, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागेपर्यंत वेळ निघून जाते. खोक्यात किंवा ताठ पुठ्ठ्यावर, न दाबता उचल आणि सरळ डॉक्टरकडे. तुमच्या जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो ते आताच विचारून ठेव. मोठं काही असेल तर परळचं बाई साकरबाई, आपली माणसं ज्याला बैलघोडा म्हणतात ते. अटल सेतूवरून शिवडीला उतरलात की परळ लांब नाही.

जाळं तू विकत घे, कडेचा दोर मी आणतो. ओवायला आणि ताणायला मीच येतो. बंदी लागली की बोटी वर येतात, मला उसंत असते. तरीने करंजाला उतरेन, उरणहून लोकल पकडेन, स्टेशनवर कुणी आलं नाही तरी चालेल. फक्त एक काम आधी करून ठेव. गॅलरीची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोज, आणि उंची दोन्ही भिंतींपाशी वेगवेगळी. बिल्डरच्या भिंती सरळ नसतात, तीन मापं सारखी आली तर पुन्हा मोज. खाली सगळ्यात शेवटचा आडवा गज लादीपासून किती बोटं वर आहे तेही लिही. हूक मारायला ड्रिलवाला सांगून ठेव, पण मी येईपर्यंत त्याला भिंतीला हात लावू देऊ नकोस.

आईला सुकट पाहिजे होती ती घेऊन येतो. डबा मांजरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायचा.

तुझा,
मामा