रुग्णालयाचे मित्र

रुग्णालय केवळ वैद्य व परिचारिका यांच्या बळावर चालतें, असा आपला समज असतो. इंग्लंडांतील एक उदाहरण पाहिल्यास तो पालटेल.

तेथील अनेक रुग्णालयें पूर्वीं लोकवर्गणीवर चालत. बर्मिंगहॅम शहरीं १८५९ पासून ठराविक रविवारीं देवळांतील दान रुग्णालयांस देण्यांत येऊं लागलें; १८७३ पासून कामगारही शनिवारच्या मजुरींतून आपला वाटा देऊं लागले. पुढें ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व खर्चाचा भार सरकारनें उचलला. मग लोकांच्या मदतीची गरज ती काय उरली? सरकार औषध देईल. पण एकाकी रुग्णापाशीं घटकाभर कोण बसणार? या जाणिवेनें ठिकठिकाणीं ‘लीग ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रमंडळें, कार्य करूं लागलीं. १९४९ मध्यें त्यांचा राष्ट्रीय संघही स्थापन झाला.

या मंडळांची रचना साधी असते. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडावयाचे. सभासदांनीं अल्प वर्गणी द्यावयाची. कोणी रुग्णालयांत चहाचें दुकान चालवितो, कोणी किरकोळ जिनसांची गाडी खाटेखाटेपाशीं नेतो, कोणी विक्रीची जत्रा भरवितो. राबणारे वेतन घेत नाहींत; म्हणून शिल्लक राहील ती रुग्णांच्या सुखसोयींस व उपकरणांस लागते. वार्षिक सभेंत पैन्‌पैचा हिशेब मांडावा लागतो. कारण विश्वास उडाला कीं वर्गणीही आटते.

थेंबे थेंबे तळें सांचे, हें खरें. परंतु तळ्याचा बांध प्रामाणिकपणाचा हवा. ज्याच्यापाशीं द्रव्य नाहीं, त्यानें वेळ द्यावा.