मधुमेह आणि कोरडी त्वचा

थंडी आली की टाचा फुटतात, अंग उलतं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. "तेल लाव" म्हणून आपण मोकळे होतो. पण घरात कुणाला मधुमेह असेल आणि त्यांचे पाय भर पावसाळ्यातही कोरडे पडत असतील, तर केवळ हवेला दोष देऊ नका.

असं का होतं? रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीवाटे जाते आणि सोबत पाणीही नेते. म्हणून सारखी तहान लागते. दुसरं कारण नसांचं. तळपायांना तेलग्रंथी नसतातच. तिथला ओलावा असतो तो घामाचा. घामग्रंथींना चालवणाऱ्या बारीक नसा अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने खराब होतात, मग घाम येत नाही आणि कातडी सुकून तडकते. (घामाचेही उपकार असतात, ते असे!)

खरा धोका पुढे आहे. त्याच आजारात पायांची संवेदनाही कमी होते. भेग खोल गेली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्या भेगेतून जंतू आत जातात. रक्तपुरवठा कमी असेल तर जखम लवकर भरत नाही, चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाय कापायची वेळ येते. सुरुवात मात्र साध्या टाचेच्या भेगेपासून झालेली असते.

म्हणून रोज रात्री पाय बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. आजी-आजोबांसाठी हे काम नातवंडांनी घ्यावं, असं मला वाटतं. पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने बघा. टिपून लगेच पेट्रोलियम जेली किंवा क्रीम लावा. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते. वज्रीने खसाखसा घासणं, ब्लेडने कातडी काढणं तर नकोच. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. 10 ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून "कळतंय का?" असं विचारतात. दोन-चार मिनिटांचं काम आहे, अजिबात दुखत नाही.